नवीन मॉनिटर घेतला आणि अक्षर फुगलं

सरांचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते, पेपर सुरू होऊन अर्धा तास. "ताई, फिजिक्सचा सदतिसावा बघा बरं. दहाचा उणे तीन घात पायजे होता, नुसताच तीन पडलाय. पोरं उठून विचारायलेत."

मी लातूरला घरूनच कंपोझिंग करते. ट्यूशन एरियातल्या तीन-चार क्लासेसचे सराव पेपर, सोल्युशन, नोट्स, आणि उन्हाळ्यात लग्नपत्रिका. अकरा वर्षं झाली या कामाला. चुका होतात, पण त्या प्रूफमधे सापडतात. छापून, गठ्ठे बांधून, पोरांच्या हातात गेल्यावर निघालेली ही पहिलीच चूक, आणि तीही अशी की एका उण्यासाठी चारही पर्याय चुकीचे ठरले. १८० प्रश्नांच्या पेपरात पोरगं एका प्रश्नाला अडलं की पुढच्या दहा प्रश्नांवर त्याचं मन लागत नाही, हे मी माझ्या लेकीवरून सांगते.

फाइल उघडली. सदतिसावा प्रश्न आणि त्याच्या खालचा अडतिसावा, दोन्हीत दहाचा घात तीन. अडतिसाव्यात उणे होतं, सदतिसाव्यात नव्हतं. आणि मी शंभर टक्के झूमवर दोन्हीकडं आळीपाळीनं बघत होते तर मला दोन्ही सारखेच दिसत होते, दहाच्या डोक्यावर एक राखाडी डाग आणि त्या डागात कुठंतरी तीन. झूम दोनशे केला तेव्हा फरक कळला. तिथंच माझ्या लक्षात आलं की हे डोळ्याचं किंवा घाईचं प्रकरण नाही, मी तीन आठवडे ज्या स्क्रीनवर प्रूफ वाचतेय ती स्क्रीनच मला नीट दाखवत नाहीये.

मॉनिटर नवाकोरा होता. त्याआधी माझ्याकडं सतरा इंची चौकोनी टीएफटी, म्हणजे चपटा मॉनिटर होता, सेकंडहँड घेतलेला, शेवटी शेवटी सकाळी चालू केला की पंधरा मिनिटं लालसर दिसायचा आणि मग हळूहळू पांढरा व्हायचा, स्क्रीनला मागून उजेड देणारी ट्यूब संपत आली की असं होतं. म्हणून पत्रिकांच्या सीझनचे पैसे आले तसा चोवीस इंची घेतला. दुकानातला मुलगा घरी येऊन जोडून गेला, जुनीच वायर काढून नव्याला लावली, चित्र आलं, निघाला. त्याच वेळी कॉम्प्युटरला फॉरमॅट पण मारून दिला होता कारण स्लो झाला होता. हे फॉरमॅटचं लक्षात ठेवा, पुढं येतंय.

पहिल्याच दिवशी मला खटकलं होतं. अक्षर मोठं दिसत होतं पण फुगलेलं, भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं. मी दुकानात फोन केला तर म्हणाले ताई पीस असाच हाय, मोठ्या स्क्रीनची सवय लागायला टाइम लागतो. घरात पण हेच, सवय होईल. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "एवढी मोठी टीव्ही आणली आन् डोळं बारीक करून काहून बघायलीस?" संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. शेवटी डोळे तपासून आले, चाळिशी जवळ आलीय म्हणून वाटलं नंबर बदलला असेल, तर डॉक्टर म्हणाले नंबर आहे तोच आहे. तरीपण मी स्क्रीनवर संशय घेतला नाही, कारण नवी वस्तू खराब कशी असेल. आणि खरंच, ती खराब नव्हतीच.

त्या फोननंतर दुपारी मी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. त्यानं एकच विचारलं, "मावशी, डिस्प्ले सेटिंगमधे रिझोल्युशन किती दाखवायलंय?" मी बघून वाचलं, १२८० बाय १०२४. तो म्हणाला, आणि मॉनिटरच्या खोक्यावर काय लिहिलंय? खोकं माळ्यावर होतं, काढलं, १९२० बाय १०८०. तो म्हणाला, झालं, सापडलं.

इथं थोडं बैजवार सांगते, कारण ही गोष्ट कळली की बाकी सगळं आपोआप कळतं. जुन्या डबा मॉनिटरमधे ठरलेली टिंबं नव्हती असं समजा, मागून इलेक्ट्रॉनचा झोत यायचा आणि काचेवर फिरायचा, तुम्ही ८०० म्हणा नाहीतर १०२४ म्हणा, तो त्याच्या हिशोबानं ओळी मारायचा आणि थोडं मऊ पण सारखं दिसायचं. चपट्या स्क्रीनचं तसं नाही. तिच्यात टिंबं कारखान्यातच बसवून येतात, मोजून, आणि रिझोल्युशन म्हणजे आडवी किती, उभी किती हाच टिंबांचा हिशोब. माझ्या स्क्रीनला आडवी १९२० आणि उभी १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० टिंबं, त्यात एक वाढत नाही का एक कमी होत नाही. कॉम्प्युटरनं बरोबर तेवढीच टिंबं पाठवली तर एकाला एक बसतं. त्यानं १२८० पाठवली तर मॉनिटरला ती १९२० मधे ताणून बसवावी लागतात, म्हणजे एका टिंबाची दीड. आणि अर्धं टिंब काळं आणि अर्धं पांढरं असं काही करता येत नाही, मग तो तिथं राखाडी भरतो. उभ्या बाजूला १०२४ ची १०८०, म्हणजे ताण वेगळाच. आडवं दीडपट आणि उभं जेमतेम सव्वापाच-साडेपाच टक्के, म्हणून माझं अक्षर रुंदीला फुगलेलं दिसत होतं.

मला हे ऐकून समजलं पण डोळ्यानं बघायचं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळवाले मामा बसतात, ते एका डोळ्याला भिंग लावून काम करतात. त्यांच्याकडं गेले आणि म्हटलं मामा, तासाभरासाठी तुमचं भिंग द्या. त्यांच्याकडं जुनं एक जास्तीचं होतं, ते दिलं. घरी येऊन स्क्रीनवर 'शिंदे' असं साध्या साइजमधे टाइप केलं आणि भिंग डोळ्याला लावून नाक स्क्रीनला टेकेपर्यंत जवळ गेले.

पांढरा रंग कुठंच नाही. प्रत्येक टिंब म्हणजे शेजारीशेजारी उभ्या तीन पट्ट्या, लाल, हिरवी, निळी, रांगेत, रांगेत, रांगेत, आणि तिन्ही पेटल्या की लांबून पांढरं. अक्षराच्या जागी त्या पट्ट्या विझलेल्या. 'श' चा काना बघितला, एक उभी रांग पूर्ण विझलेली आणि तिला चिकटून दुसरी रांग अर्धवट, ना धड पेटलेली ना विझलेली. वेलांटीच्या दांडीला तीच अर्धवट रांग दुसऱ्या बाजूला. शिरोरेषा एका ओळीत ठळक, खालच्या ओळीत तोच शब्द टाइप केला तर तिथली शिरोरेषा दोन फिक्या ओळीत वाटली गेलेली. आणि अनुस्वार, जो चार टिंबांचा काळा चौकोन असायला पाहिजे, तो वेलांटीच्या वळणात मिसळून गेलेला. मग 'शिदे' टाइप केलं. भिंगातून फरक दिसत होता, भिंग काढलं की नव्हता दिसत. आपल्या लिपीत वर मात्रा, अनुस्वार, रफार, खाली उकार, रकार, एवढी गर्दी असते की इंग्रजीला जिथं नुसतं अक्षर मऊ दिसतं तिथं आपल्याकडं नाव बदलतं. पत्रिकेत एखाद्या घराण्याचं आडनाव चुकलं तर काय होतं ते पत्रिका करणाऱ्यांना विचारा.

आता रिझोल्युशन १९२० करायचं तर यादीत १९२० नाहीच. हे फॉरमॅटमुळं. विंडोज नव्यानं टाकल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र काढणारा भाग विंडोजला नीट वापरता यावा म्हणून लागणारा प्रोग्राम, टाकायचा राहून गेला होता आणि विंडोज स्वतःचा कामचलाऊ ड्रायव्हर वापरत होतं, डिव्हाइस मॅनेजरमधे डिस्प्ले अडॅप्टरच्या खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं लिहिलेलं दिसलं की समजायचं. तो बऱ्याचदा थोडेच साइज देतो. भाच्यानं मदरबोर्डचं मॉडेल विचारलं, त्या कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर उतरवायला लावला, भलत्या साइटवरून नाही यावर फार जोर दिला त्यानं. रिस्टार्ट केलं आणि यादीत १९२० बाय १०८० आलं, पुढं 'रेकमेंडेड' लिहिलेलं. ते निवडल्याबरोबर अक्षर एकदम सडपातळ झालं. अकरा वर्षांत मला इतका आनंद कुठल्या क्लिकनं झाला नसेल.

पण पूर्ण नाही झालं. स्क्रीनचा डावा भाग स्वच्छ, मधे एक उभा पट्टा धुरकट, परत स्वच्छ, परत धुरकट. आणि धुरकट पट्ट्यातली अक्षरं बारीक थरथरत होती, नजर रोखली तरच कळावं इतपत. हे त्या जुन्या वायरीचं काम.

ती वायर म्हणजे निळी पिन, तीन ओळीत पंधरा काड्यांची जागा, व्हीजीए. आयबीएमनं १९८७ साली काढलेली, डबा मॉनिटरच्या काळातली. तिच्यातून टिंबं जात नाहीत, विजेचा कमीजास्त होणारा प्रवाह जातो, लाटेसारखा. डब्याला तेच पाहिजे होतं. चपट्या स्क्रीनला मात्र त्या लाटेचे परत तुकडे पाडून हे पहिलं टिंब, हे दुसरं, असं ओळखावं लागतं. दिसणारी टिंबंच धरली तरी सेकंदाला ६० वेळा २० लाख, म्हणजे १२ कोटी ४४ लाख तुकडे, आणि प्रत्येक तुकडा नेमक्या जागी पाडायचा.

माझं माहेर औशाकडचं, त्यामुळं मला हे कोळपणीवरून, म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधलं तण काढण्यावरून समजलं. पेरणी अठरा इंचावर केली आणि कोळपताना तुम्ही सतरा इंच धरून चाललात तर पहिली ओळ बरोबर येईल, दुसरी जरा सरकेल, पाच-सहा ओळींनंतर कोळपं सोयाबीनच्या ओळीवरूनच जाईल, आणि आणखी पुढं गेलं की परत दोन ओळींच्या मधे येईल. मॉनिटरमधे या अंतराला क्लॉक म्हणतात. ते चुकलं की असे उभे पट्टे पडतात, स्वच्छ, धुरकट, स्वच्छ, धुरकट. आणि अंतर बरोबर आहे पण पहिलंच पाऊल चार बोटं सरकून पडलं तर अख्खं रान तेवढ्यानंच चुकत जातं, त्याला फेज म्हणतात, ती चुकली की सगळी स्क्रीन सारखीच मऊ दिसते आणि किंचित थरथरते.

मॉनिटरच्या खालच्या बटणांत 'ऑटो अॅडजस्ट' असतं, ते दाबलं की मॉनिटर स्वतः अंदाज घेऊन दोन्ही जुळवतो. मी आधी दाबलं होतं, काही उपयोग झाला नव्हता, कारण तेव्हा डेस्कटॉपवर काळपट वॉलपेपर होता आणि काळ्यात काळं, त्याला टिंबाची कड कुठं सापडणार. बारीक अक्षरांनी भरलेलं पांढरं पान पूर्ण स्क्रीनभर उघडायचं आणि मग दाबायचं. तेवढ्यानं पट्टे गेले. राहिलेली थरथर मेनूत फेजचा आकडा एकेक करून वाढवत नेला तेव्हा बसली. हे हातानं करायचं असेल तर एक काळी एक पांढरी अशा उभ्या रेघांचं पान घ्यायचं, एका आकड्यावर रेघा एकदम कोरल्यासारख्या दिसतात, तिथंच थांबायचं.

ज्यांचा सीपीयू इतका जुना आहे की मागं निळ्या पिनेशिवाय काही नाही, त्यांनी एवढं केलं तरी बराच फरक पडेल. वायर आखूड आणि जाड घ्यावी, दोन्ही टोकांचे स्क्रू आवळावेत. आणि चित्रात आडव्या लाटा वर सरकताना दिसत असतील तर घराचं अर्थिंग बघून घ्या, मॉनिटर आणि सीपीयू वेगवेगळ्या बोर्डात असतील तर एकाच बोर्डात लावा. आमच्या जुन्या घरी हे होतं, मोटार चालू झाली की लाटा यायच्या, मी कित्येक दिवस व्होल्टेजला दोष दिला.

माझ्या सीपीयूला मात्र मागं एचडीएमआय होतं आणि मॉनिटरलाही होतं, दोन्हीवरची प्लास्टिकची टोपणं सुद्धा काढलेली नव्हती. अडीचशे रुपयांची केबल. हिच्यातून आकडेच जातात, तुकडे पाडायचा अंदाजपंचे प्रकारच नाही, त्यामुळं क्लॉक-फेज हे मेनूतून गायबच झालं. महागडी केबल घेतली तर अक्षर जास्त स्वच्छ दिसेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, १०८० च्या स्क्रीनला दोन मीटरपर्यंत साधी चांगली केबल पुरते, आकडे पोचले तर पूर्ण पोचतात, नाही पोचले तर चित्र तुटतं, ठिपके उडतात नाहीतर स्क्रीन काळी होते, धुरकट होत नाही.

केबल लावली आणि टास्कबार अर्धा खाली कापला गेला, अक्षर परत मऊ. मी तर खालीच बसले. पण कारण कळलं तेव्हा नवल वाटलं. एचडीएमआय ही टीव्हीच्या जगातून आलेली पिन. जुन्या ट्यूबच्या टीव्हीत कडेला चित्र वेडंवाकडं यायचं म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीच्या आड लपवायची पद्धत होती, ओव्हरस्कॅन, आणि ती सवय चपट्या स्क्रीनमधेही राहून गेली. चित्र चार-पाच टक्के जरी मोठं केलं तरी एकाला एक टिंब मोडलंच की. मेनूत ओव्हरस्कॅन चालू होतं, बंद केलं, चारही कडा जागेवर आल्या आणि अक्षर परत सडपातळ. काही ठिकाणी उलटं होतं, चित्राभोवती काळी चौकट राहते, ते ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमधे स्केलिंग की अंडरस्कॅन म्हणून असतं, ते शून्यावर आणायचं. टीव्हीचा अजून एक वारसा म्हणजे काळं काळं न दिसता राखेसारखं दिसणं, उजेडाच्या आकड्यांत टीव्हीच्या हिशोबात काळा १६ पासून आणि पांढरा २३५ पर्यंत, कॉम्प्युटरच्या हिशोबात ० ते २५५, दोघांची बोली जुळली नाही की फिकं दिसतं. तिथं 'फुल रेंज' निवडायचं.

मग शार्पनेस. मॉनिटरच्या मेनूत या नावाचं बटण असतं आणि वाटतं हेच वाढवलं की झालं. मी पण पहिल्या आठवड्यात ८० पर्यंत नेऊन ठेवलं होतं. ते टिंबं काही वाढवत नाही, काळ्या कडेला लागून पांढरी कड जास्त उजळ करतं, म्हणजे प्रत्येक अक्षराभोवती एक पांढरी सावली. लांबून क्षणभर बरं वाटतं आणि तासाभरानं डोळे चुरचुरतात. आधीची धूळ झाकायला मी ते वाढवलं होतं, धूळ गेल्यावर ते खाली आणायचं राहिलं होतं. अक्षरांचं पान समोर ठेवून एकेक आकडा कमी करत जायचं, पांढरी सावली जिथं नाहीशी होते आणि अक्षर अजून मऊ पडलेलं नसतं, ती बरोबर जागा. माझ्याकडं ती ५० ला आली, कंपनीगणिक वेगळी असते.

विंडोजमधे क्लिअरटाइप म्हणून एक आहे, स्टार्टमधे तेच नाव टाइप केलं की येतं. मायक्रोसॉफ्टनं ते १९९८ मधे जाहीर केलं आणि २००१ च्या एक्सपीत लोकांच्या हातात आलं. भिंगातून ज्या तीन पट्ट्या मी बघितल्या ना, लाल हिरवी निळी, त्यांचाच उपयोग ते करतं. काना नेमका टिंबाच्या कडेला न बसता मधेच येत असेल तर अख्खं टिंब राखाडी करण्याऐवजी त्यातल्या एक-दोन पट्ट्याच विझवतं, म्हणजे आडव्या दिशेला एकाच्या जागी तीन पायऱ्या मिळतात. आपल्या कान्या-वेलांट्यांना याचा खूप फायदा होतो. ते तुम्हाला परिच्छेदांचे नमुने दाखवतं आणि कुठला बरा दिसतो विचारतं, पण हे रिझोल्युशन आणि केबल झाल्यावर शेवटी करायचं, आधी केलं तर धुरकट स्क्रीनवर निवडलेलं उत्तर धुरकटच येणार. भिंगानं परत बघितलं तर 'श' च्या कान्याच्या डाव्या कडेला तांबूस आणि उजव्या कडेला निळसर झाक दिसली, भिंग काढलं की नुसता काळा काना.

एवढं झाल्यावर एक प्रामाणिक अडचण राहिली, अक्षर आता बारीक वाटायला लागलं. बरेच जण इथंच चुकतात, अक्षर मोठं हवं म्हणून रिझोल्युशन खाली आणतात आणि परत तिथंच येतात. रिझोल्युशनला हात लावायचा नाही, त्याच पानावर 'स्केल' असतं, तिथं १२५ टक्के करायचं, मग विंडोज अक्षरं मोठी काढतं पण टिंबाला टिंब तसंच राहतं. माझं यात एक अडलं, पेजमेकर, पानं जुळवायचं सॉफ्टवेअर. माझं ७.० हे २००१ चं, पत्रिकांचं सगळं जुनं काम त्यातच आहे, आणि त्याला स्केल हा प्रकार माहीतच नाही, म्हणून विंडोज त्याची खिडकी छोटी काढून फोटोसारखी ताणतं, बाकी सगळं स्वच्छ आणि तेवढीच एक खिडकी धुरकट. उपाय असा की त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथं हाय डीपीआयची सेटिंग, आणि स्केलिंग 'अॅप्लिकेशन'नं करावं असं निवडायचं. मेनू बारीक दिसतो पण पान स्वच्छ, आणि मला पान पाहिजे.

आमच्या कामातल्या एका मैत्रिणीनं विचारलं म्हणून सांगते, ती सत्तावीस इंची घ्यायला निघाली होती, १०८० चाच. माझ्या जुन्या सतरा इंचीचं एक टिंब ०.२६४ मिलिमीटरचं होतं, या चोवीस इंचीचं ०.२७५, म्हणजे नवी स्क्रीन मोठी आहे पण तिची टिंबं जुन्यापेक्षा बारीक नाहीत, उलट केसभर मोठीच, फक्त संख्या जास्त. सत्तावीस इंचात तेवढीच टिंबं पसरली की एकेक ०.३११ होतं. चांगला डोळा हातभर अंतरावरून, साठ सेंटीमीटर धरा, ०.१७ मिलिमीटरपर्यंत वेगळं ओळखू शकतो, म्हणजे ती टिंबं तिला दिसणार. दिवसभर अक्षरंच वाचायची असतील तर सत्तावीसला २५६० बाय १४४० घ्यावा, त्याचं टिंब ०.२३३ येतं, नाहीतर बावीस किंवा चोवीसच बरा. तिनं चोवीस घेतला.

ब्राइटनेस शंभरवरून चाळीसवर आणला, टेबल खिडकीला आडवं फिरवलं कारण दुपारचं ऊन सरळ काचेवर यायचं. याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही.

त्या रविवारी सर स्वतः घरी आले होते पुढच्या पेपरचं मॅटर घेऊन. मी आधी माफी मागितली, मग त्यांना सदतिसावा आणि अडतिसावा प्रश्न दाखवला, जुन्या सेटिंगवर आणि नव्या सेटिंगवर. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमच्या ऑफिसातली पण अशीच दिसायलीय की ओ." त्यांच्या ऑफिसात बसून एक मुलगी दिवसभर पोरांचे मार्क भरते. दुसऱ्या दिवशी मी पर्समधे केबल टाकून तिकडं गेले, मागं निळी पिन होती, समोर १०२४ बाय ७६८. वीस मिनिटं लागली. त्या मुलीनं स्क्रीनवरची यादी बघितली आणि काही न बोलता खुर्ची एक वीत मागं ओढली.

भिंग मी मामांना तीन दिवसांनी परत नेऊन दिलं. नवा पेपर झाला तेव्हा प्रूफ वाचायच्या आधी मी शंभर टक्के झूमवर, न थांबता, फक्त घातातली उणी चिन्हं मोजत गेले आणि कागदावर रेघा मारत गेले. एकूण त्रेचाळीस भरली. मग प्रिंट काढली, स्क्रीन बंद केली आणि सरांच्या हस्ताक्षरातल्या मॅटरमधे मोजली. त्रेचाळीस.